म्हाताऱ्या मांजराची शुगर: आधी मोजा, मग टोचा, मग वाडगा बदला

ओळखीत कुणाच्या मांजराला शुगर निघाली की फोन माझ्याकडे येतो. कारण आमचा बाळ्या, तेरा वर्षांचा, नसबंदी झालेला बोका, दोन वर्षं इन्सुलिनवर आहे. फोनवरची कहाणी बहुतेक वेळा एकच असते. डॉक्टरांनी शुगर सांगितली, घरी येताच कोरडे दाणे बंद झाले, उकडलेलं चिकन सुरू झालं, त्याच संध्याकाळी इन्सुलिन टोचलं आणि घरात मोजायला मीटर नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मांजर भेलकांडायला लागतं. नाहीतर याच्या उलट: घरातल्या आजोबांचं पथ्य मांजराला लावलं जातं, “शुगर आहे ना, मग कमी खाऊ दे,” आणि आधीच हाडं वर आलेलं जनावर आणखी खंगतं.

यात औषध चुकलेलं नसतं, बऱ्याचदा अन्नही नाही. क्रम चुकलेला असतो. म्हणून खालचे टप्पे याच क्रमाने घ्या. डोस तुमच्या डॉक्टरांचाच चालेल. इथले आकडे त्यांच्याशी बोलताना तुम्हाला अंदाज असावा म्हणून दिलेत.

टप्पा १: शुगरच आहे ना, हे पक्कं करा

खूप पाणी पिणं, खूप लघवी, भरपूर खाऊनही वजन उतरणं ही नेहमीची लक्षणं. काही मांजरं मागच्या पायांची टाच जमिनीला टेकवून चालायला लागतात. आम्हाला बाळ्याच्या बाबतीत ते म्हातारपण वाटलं होतं. ती नसांची कमजोरी होती, आणि शुगर आटोक्यात आल्यावर काही महिन्यांत बरीच सुधारली.

“पाणी खूप पितोय” हे डॉक्टरांना सांगून भागत नाही. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असतो, तेव्हा सगळीच मांजरं जास्त पितात. म्हणून मोजा. सकाळी मापाने पाणी भरा, दुसऱ्या दिवशी उरलेलं मोजा, असं तीन दिवस करा. उन्हाने थोडं उडून जातं, म्हणून तेवढंच पाणी दुसऱ्या भांड्यात मांजराचं तोंड पोचणार नाही अशा ठिकाणी ठेवा आणि तिथली घट वजा करा. दिवसाला किलोमागे १०० मिलीच्या वर जात असेल तर ते नक्कीच जास्त. ४ किलोच्या मांजराने ४०० मिली पिणं उन्हाच्या खात्यावर टाकू नका. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्यामुळे घरात बादल्या, पिंपं, घंगाळं भरलेली असतात. मोजायच्या तीन दिवसांत सगळ्यांवर झाकण हवं, नाहीतर मोजमाप फुकट.

रक्तातल्या साखरेचा एकच आकडा पुरावा म्हणून धरू नका. पिंजऱ्यात घालून, रिक्षाच्या आवाजात, कुत्र्यांच्या शेजारी बसवून नेलेल्या मांजराची साखर निव्वळ भीतीने ३०० च्या घरात जाऊ शकते. म्हणून फ्रुक्टोसामाइन ही तपासणी करायला सांगा. ती मागच्या दोन-तीन आठवड्यांचा अंदाज देते, त्यामुळे त्या दिवशीच्या घाबरण्याचा तिच्यावर परिणाम होत नाही. ती जवळ होत नसेल तर घरच्या लघवीत साखर सापडते का ते पाहता येतं. मांजराच्या रक्तातली साखर साधारण २५० ते ३०० च्या वर टिकली की ती लघवीत उतरते.

म्हाताऱ्या मांजरात किडनीचा आजार आणि थायरॉइड वाढणं यांचीही लक्षणं जवळपास हीच असतात. त्यामुळे क्रिएटिनिन (किडनीसाठी), टी-४ (थायरॉइडसाठी), लघवीची पूर्ण तपासणी आणि कल्चर (लघवीत जंतू वाढतात का ते बघणं) एकाच खेपेत उरकून घ्या. तोंडही उघडून बघायला सांगा. किडलेले दात आणि लघवीचा जंतुसंसर्ग असेपर्यंत इन्सुलिन नीट लागू पडत नाही.

अजून एक प्रश्न तुम्हीच विचारायचा: गेल्या काही महिन्यांत खाजेसाठी किंवा हिरड्यांसाठी स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं होतं का? लांब टिकणारं स्टेरॉइड मांजराची शुगर वर आणू शकतं. जुनी चिठ्ठी सापडत नसेल तर ज्या दवाखान्यात दिलं तिथे फोन करून विचारा.

थांबा. मांजर खात नाही, उलट्या करतंय, मलूल पडलंय आणि लघवीच्या पट्टीवर कीटोन (साखर वापरता न आल्याने शरीर चरबी जाळतं तेव्हा तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) दिसतंय, तर हा लेख बाजूला ठेवा आणि लगेच दवाखाना गाठा. त्याला सलाइन आणि भरती लागते. ते घरी करायचं काम नाही.

टप्पा २: खरेदी, आणि इथेच होणारी सगळ्यात मोठी चूक

मांजरांना बहुधा ग्लार्जिन नावाचं इन्सुलिन दिलं जातं. माणसांचंच असतं ते, लँटस हा त्यातला सगळ्यांना माहीत असलेला ब्रँड. त्याच्या एका मिलीत १०० युनिट असतात. पण आपल्याकडच्या मेडिकलमध्ये साध्या इन्सुलिनच्या बऱ्याच बाटल्या ४० युनिटच्या असतात आणि त्यांच्या सिरिंजही वेगळ्या: ४० ची टोपी लाल, १०० ची नारिंगी.

मला एका दुकानात ग्लार्जिनबरोबर लाल टोपीच्या सिरिंज बांधून दिल्या होत्या. “इन्सुलिनचीच आहे हो, चालते.” चालत नाही. लाल सिरिंजमध्ये १ च्या रेघेपर्यंत १०० चं इन्सुलिन भरलं तर मांजराच्या अंगात अडीच युनिट जातात. ४ किलोच्या जिवाला अडीचपट डोस. उलट केलं, म्हणजे ४० चं इन्सुलिन नारिंगी सिरिंजमध्ये भरलं, तर १ युनिटऐवजी ०.४ जातं आणि महिनाभर “इन्सुलिन लागूच पडत नाही” म्हणून डोस वाढवत बसता.

नारिंगी टोपीतही प्रकार आहेत. १ मिलीच्या सिरिंजवर बहुधा दर दोन युनिटला रेघ असते, तिच्यावर १ युनिट मोजता येत नाही. ०.३ मिलीची मागा, अर्ध्या युनिटच्या खुणा असलेली मिळाली तर उत्तम. दुकानात नसेल तर मागवून घ्या. तोवर घाई करून मोठी सिरिंज वापरू नका.

१० मिलीची बाटली घेण्याऐवजी ३ मिलीचं कार्ट्रिज (इन्सुलिन पेनमध्ये बसवायची छोटी नळी) परवडतं. त्यात ३०० युनिट असतात आणि बहुतेक मांजरं दिवसाला दोन-चार युनिटवर असतात. पेन मात्र वापरू नका, कारण बहुतेक पेन एक-एक युनिटनेच पुढे सरकतात आणि मांजराला कधी पाव, कधी अर्धं युनिट लागतं. कार्ट्रिजच्या रबरातून सिरिंजनेच ओढायचं, आत हवा सोडायची नाही. उघडल्यावर लेबलवर २८ दिवस लिहिलेले असतात. फ्रिजमध्ये नीट ठेवलं तर बरेच डॉक्टर पुढेही वापरू देतात. तुमचे डॉक्टर किती दिवस म्हणतात ते विचारून कार्ट्रिजवर उघडल्याची तारीख लिहा. द्रव गढूळ दिसला तर टाकून द्या, मग तारीख काहीही असो.

इन्सुलिन गोठलं की गेलं. बर्फाच्या कप्प्याखालचा ट्रे नको, मधला कप्पा ठीक. मे महिन्यात दुकानातून आणताना थर्मास न्या, तळाशी कापडात गुंडाळलेला बर्फ ठेवा आणि डिकीत टाकून बाजारहाट करत फिरू नका. वीज गेली तर कार्ट्रिज प्लास्टिकच्या घट्ट पिशवीत घालून मातीच्या छोट्या मडक्यात ठेवा, ते मडकं पाणी घातलेल्या मोठ्या माठात ठेवा आणि वर ओलं फडकं टाका. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात हा उपाय छान चालतो. मुंबईच्या दमट हवेत एवढा चालणार नाही.

यादीत आणखी: ग्लुकोमीटर आणि पट्ट्या, जाड लॅन्सेट (रक्ताचा थेंब काढायची छोटी सुई, २६ किंवा २८ गेज), व्हॅसलीन, कापूस, कीटोनसाठी लघवीच्या पट्ट्या, १० ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा, ग्लुकोज पावडर किंवा मध. माणसांचा मीटर मांजराची साखर खऱ्यापेक्षा थोडी कमी दाखवतो. मीटर एकच ठेवा, मधेच बदलू नका, आणि कोणता आहे ते डॉक्टरांना सांगा.

घरात आजोबांच्या शुगरच्या गोळ्या असतीलच. मेटफॉर्मिनचा मांजराला उपयोग होत नाही. “-ग्लिफ्लोझिन” शेवट असलेल्या गोळ्या तर अजिबात हात लावायच्या नाहीत. या गटातली मांजरांसाठीची औषधं परदेशात निघाली आहेत, पण ती आधी इन्सुलिन न घेतलेल्या, निवडून तपासलेल्या मांजरांनाच देतात. कारण साखरेचा आकडा चांगला दिसत असतानाही त्यांच्याने कीटोन चढू शकतात.

टप्पा ३: कानातून रक्त घ्यायला शिका, सुईच्या आधी

लोक हा टप्पा सोडतात. “एवढ्याशा कानाला टोचायचं?” म्हणतात आणि अंगात इन्सुलिन मात्र बिनदिक्कत टोचतात. खरं भीतीदायक काम दुसरं आहे.

पहिले तीन दिवस टोचूच नका. जिथे पुढे टोचायचं त्याच जागी, त्याच टॉवेलवर, रोज त्याच वेळी मांजराला बसवा, कान चोळा, लॅन्सेटचा नुसता टक् आवाज ऐकवा आणि लगेच उकडलेल्या चिकनचा एक तुकडा द्या. बाळ्या चौथ्या दिवशी टॉवेल बघून आपणहून येऊन बसला, चिकनसाठी.

मग असं:

१. तांदूळ मोज्यात भरून गरम करा, आपल्या मनगटाला सोसवेल इतपतच, आणि कानाला अर्धा मिनिट लावा. कान गार असेल तर रक्त येत नाही. थंडीत तर हे हवंच.

२. कानाच्या कडेने एक बारीक शीर जाते. मागून मोबाइलचा टॉर्च लावला की दिसते. टोचायचं शिरेवर नाही. शीर आणि कानाची कड यांच्यामधल्या अरुंद पट्टीत.

३. तिथे व्हॅसलीनचा अगदी पुसट हात फिरवा, म्हणजे थेंब केसांत पसरत नाही.

४. कानाच्या मागे कापूस धरा, टोचा, थेंब येऊ द्या, पट्टीची कड थेंबाला लावा. पट्टी आपोआप ओढून घेते.

५. कापसाने दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. हे सोडलं तर कान काळानिळा होतो आणि दुसऱ्या दिवशी मांजर कान देत नाही.

दोन प्रयत्नांत जमलं नाही तर त्या दिवसापुरतं सोडा, चिकन मात्र द्या. आमचा पहिला आठवडा पट्ट्यांचा निव्वळ नाश होता, ते गृहीत धरूनच पट्ट्या घ्या.

तपासा: सलग तीन वेळा आकडा घेता आला का? आला तर पुढे चला. डॉक्टरांनी तातडीने इन्सुलिन सुरू करायला सांगितलं असेल तर मात्र हे शिकण्यासाठी ते लांबवू नका. डोस कमीत कमी ठेवतील, आणि कान जमेपर्यंत खाणं बदलायचं नाही, एवढं ठरवून घ्या.

टप्पा ४: साखर उतरली तर काय करायचं, ते आधीच भिंतीवर लावा

हे सुईच्या आधी का? कारण वेळ आल्यावर वाचायला वेळ नसतो.

खुणा अशा: अचानक हपापल्यासारखी भूक, अशक्तपणा, भेलकांडणं, शून्यात बघणं, कोपऱ्यात लपणं, शेवटी झटके. काही मांजरं काहीच दाखवत नाहीत, म्हणून मीटर.

मीटरवर ८० च्या खाली आलं आणि मांजर ठीक दिसतंय: लगेच खायला द्या, अर्ध्या तासाने पुन्हा मोजा, पुढचा डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. ६० च्या खाली, किंवा आकडा कितीही असो पण खुणा दिसत आहेत: चमचाभर मध किंवा ग्लुकोजचं घट्ट पाणी बोटाने हिरड्यांना चोळा, घशात ओतू नका, ठसका लागून फुप्फुसात जाईल. शुद्धीवर आलं की खायला द्या, आणि दवाखान्याकडे निघा. झटके येत असतील तर तोंडात बोट घालू नका, ओठ उचलून बाहेरूनच हिरडीला चोळा. बरं वाटलं म्हणून घरी थांबू नका. इन्सुलिनचा परिणाम तासन्‌तास चालू असतो, मधाचा पाऊण तासात संपतो.

रात्री कुठला दवाखाना उघडा असतो, हे आजच फोन करून विचारा. रविवार आणि सणासुदीचंही विचारा.

टप्पा ५: सुई

साधारणपणे दर बारा तासांनी एकेक युनिटने किंवा त्याहून कमीने सुरुवात होते. वेळ स्वतःच्या दिनक्रमाला झेपेल अशी ठरवा. आमची सकाळी ७ आणि संध्याकाळी ७. पाऊण-एक तास इकडेतिकडे झालं तर बिघडत नाही, पण रोज वेगळी वेळ नको.

क्रम एकच: मोजा, खायला द्या, खाल्लं का बघा, मग टोचा. आधी टोचून मग वाडगा ठेवणारे बरेच आहेत. मांजराने वास घेऊन तोंड फिरवलं, तर टोचलेलं परत काढता येत नाही.

कार्ट्रिज हलवू-खळखळू नका. जागा: पाठीच्या दोन बाजू, बरगड्यांच्या मागचा भाग, मांडीपुढची सैल कातडी. मानेवरची कातडी सोयीची वाटते, पण तिथून इन्सुलिन तितकंसं सारखं शोषलं जात नाही. रोज थोडी जागा बदला. कातडीची चिमटीने घडी उचला, घडीच्या तळाशी सुई पाठीला समांतर सरकवा, दांडा दाबा, काढा. मांजर खाण्यात गुंग असताना त्याला कळतही नाही. मग केसांवरून बोट फिरवून बघा: ओलं लागलं, इन्सुलिनचा डेटॉलसारखा वास आला, तर काही आत गेलं नाही किंवा अर्धवट गेलं.

पुन्हा टोचू नका. किती गेलं ते कळत नाही, तेव्हा तो डोस झाला असंच धरायचं. एक डोस कमी पडल्याने मांजर मरत नाही, दोन पडले तर मरू शकतं.

आमच्याकडे हेच घडलं, फक्त वेगळ्या वाटेने. मी ७ ला टोचून गच्चीवर गेले, साडेसातला नवऱ्याने “आज तू विसरलीस” म्हणून पुन्हा टोचलं. ती रात्र डॉक्टरांशी फोनवर बोलत, दर तासाला कान टोचत आणि बाळ्याला भरवत काढली. दुसऱ्या दिवसापासून फ्रिजवर कॅलेंडर टांगलंय. टोचणाऱ्याने टोचल्या क्षणी वेळ आणि सही करायची. सही नसेल तर आधी विचारायचं, सिरिंज उघडायची नाही.

सुरुवातीच्या आठवड्यांत टोचण्याआधीचा आकडा २०० च्या खाली आला, किंवा मांजराने नेहमीच्या निम्म्याहून कमी खाल्लं, किंवा उलटी झाली, तर टोचण्याआधी डॉक्टरांना फोन. वापरलेल्या सुया झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या बरणीत साठवा. कचरा गोळा करणाऱ्याच्या हाताला त्या लागता कामा नयेत. भरलेली बरणी दवाखान्यात द्या.

टप्पा ६: आता वाडगा

किमान आठ-दहा दिवस डोस एकसारखा चालला आणि रोजचे आकडे हातात आले, की मग खाणं बदलायचं. डॉक्टर दोन्ही एकदम सुरू करायला सांगत असतील आणि तुम्हाला घरी मोजता येत असेल, तर तेही चालतं. पण डोस आणि जेवण दोन्ही एकदम बदललं आणि मोजमाप शून्य, असं कधीच नको. कोरडं खाणं बंद करून मांसाहारी ओलं खाणं दिलं की साखर काही दिवसांतच झपाट्याने खाली येते, आणि कालचा बरोबर असलेला डोस आज जास्त ठरतो.

मांजर मुळात प्रथिनांवर जगणारं जनावर. त्याच्या कॅलरींपैकी कर्बोदकांचा वाटा १०-१२ टक्क्यांच्या आत ठेवायचा, एवढं एक सूत्र लक्षात ठेवा. पाकिटावर कर्बोदकं लिहिलेली नसतात, काढावी लागतात. १०० मधून प्रथिनं, स्निग्धांश, तंतू, ओलावा आणि राख वजा करा. राख लिहिली नसेल तर ओल्या खाण्यात २, कोरड्यात ८ धरा.

समजा कोरड्या पाकिटावर प्रथिनं ३०, स्निग्ध १०, तंतू ५, ओलावा १०. राख ८ धरली तर कर्बोदकं ३७. कॅलरीसाठी प्रथिनं आणि कर्बोदकांना ३.५ ने, स्निग्धांशाला ८.५ ने गुणा: १०५, १२९.५ आणि ८५. एकूण ३१९.५, त्यात कर्बोदकांचा वाटा ४० टक्के. आता ओलं पाउच: प्रथिनं ९, स्निग्ध ४, तंतू १, ओलावा ८२, राख २. कर्बोदकं उरली २. कॅलरी ३१.५, ३४ आणि ७, वाटा १० टक्क्यांच्या आत. लेबलवर “किमान” आणि “कमाल” आकडे असतात, त्यामुळे हा अंदाजच आहे, पण दोन पाकिटांत निवड करायला पुरेसा. ग्रेव्हीवाल्या पाउचमध्ये रस्सा घट्ट करायला पिठूळ पदार्थ घातलेले असतात. शक्यतो लोफ, पाते किंवा मूस प्रकार बघा.

किती द्यायचं? साडेचार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० कॅलरी. वजनाला ३० ने गुणून ७० मिळवा, झाला ढोबळ हिशोब. पण खंगलेल्या मांजराला सुरुवातीला याहून जास्त लागतं, आणि लठ्ठ मांजराचं वजन उतरवायचं तर आठवड्याला एक टक्क्याच्या आसपास, त्याहून वेगाने नाही. मांजराला उपाशी ठेवून शुगर कमी होत नाही. उपाशी राहिलेल्या, विशेषतः जाड मांजराच्या यकृतात चरबी साठते आणि ते त्यानेच दगावू शकतं. चोवीस तासांत काही खाल्लं नाही तर दवाखाना.

बदल दहा-चौदा दिवसांत करा. पहिल्या दिवशी पाव भाग नवं, बाकी जुनं, मग दर दोन-तीन दिवसांनी नव्याचा वाटा वाढवा. दाण्यांना सोकावलेलं मांजर ओलं खाणं सुरुवातीला विष असल्यासारखं बघतं. पाउच गरम पाण्यात धरून कोमट करा, वर चार दाणे कुटून भुरभुरवा. या दिवसांत रोज किमान दोनदा मोजा: सकाळी टोचण्याआधी आणि दुपारी एकदा. आकडे उतरायला लागले की डोस कमी करण्याबद्दल लगेच विचारा, आठवडाभर वाट बघू नका.

आता घरचं खाणं. उकडलेलं चिकन वरचा खाऊ म्हणून उत्तम, पण रोजचं पूर्ण जेवण म्हणून अपुरं. नुसत्या मांसात कॅल्शियम पुरेसं नसतं, आणि उकडताना टॉरिन (मांजराला अन्नातूनच मिळावं लागणारं एक पोषकद्रव्य) पाण्यात उतरतं. टॉरिन कमी पडलं तर मांजराची दृष्टी आणि हृदय दोन्ही बिघडतात. म्हणून उकडलेलं पाणी फेकू नका, तेही द्या. पूर्ण घरचंच करायचं असेल तर पूरकं मोजून घालणारी पाककृती डॉक्टरांकडून लिहून घ्या. आपल्या रश्श्यातला तुकडा धुऊन देणं बंद करा. कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतो, आणि धुतल्याने तो मांसातून जात नाही. उजनी धरणातली चिलापी (तिलापिया मासा) आणली तर बिनकाट्याची, बिनमिठाची, शिजवून, अधूनमधून. सुके बोंबील-सुकट मिठामुळे नको.

आणि दूध-भाकरी. शेजारच्या आजींना मी म्हटलं, “आजी, बाळ्याला दूध नका घालू.” तर म्हणाल्या, “अगं, वाटीभर दुधानं काय होतंय त्याला?” मग मी हिशोब मांडला. २०० कॅलरींतला १० टक्के वाटा म्हणजे २० कॅलरी, म्हणजे साधारण ५ ग्रॅम कर्बोदकं, पूर्ण दिवसाची. १०० मिली गाईच्या दुधात जवळपास तेवढीच साखर असते, म्हणजे दिवसाचा वाटा एका वाटीतच संपतो. वर त्यात चतकोर कडक भाकरी कुस्करली तर त्याच्या दुपटीहून जास्त. आजींना हिशोब किती पटला कोण जाणे, पण आता त्या चिकनचा तुकडा मागून घेतात आणि तोच घालतात. मांजर चाळीत, वाड्यात, गच्च्यांवरून फिरत असेल तर प्रत्येक घराशी असं बोलून घ्यावं लागतं. नाहीतर संध्याकाळी ७ चा आकडा रोज वेगळा येतो आणि तुम्ही इन्सुलिनला दोष देता.

किडनीचाही त्रास असेल तर पेच पडतो: किडनीच्या खास खाण्यात प्रथिनं कमी आणि कर्बोदकं जास्त असतात. इथे इंटरनेटवरून ठरवू नका. किडनीचा आजार कितव्या टप्प्यावर आहे यावरून डॉक्टर ठरवतील. माझं मत विचाराल तर मांजर जे आवडीने खातं ते सोडू नका, खाण्यावाचून बाकी सगळं व्यर्थ.

टप्पा ७: कर्व्ह (दिवसभरातल्या साखरेचा आलेख) काढा, डोसला हात लावू नका

आठवड्या-दोन आठवड्यांनी, घरीच, एक दिवस: टोचण्याआधी एक आकडा, मग दर दोन तासांनी, पुढच्या सुईपर्यंत. सात आकडे होतात. त्यातला सर्वांत खालचा आकडा ८० ते १५० च्या मधे आणि दिवसाचा बराच भाग ३०० च्या खाली असेल तर गाडी रुळावर आहे. दवाखान्यात ठेवून काढलेल्या कर्व्हपेक्षा घरचा खरा.

एखाद्या सकाळी ३८० दिसलं म्हणून अर्धं युनिट वाढवायचा मोह होतो. करू नका. ग्लार्जिन बसायला काही दिवस लागतात. डोस बदलायचा तर डॉक्टर साधारण पाच-सात दिवसांनी, पाव-अर्ध्या युनिटने बदलतात. डोस चढत चढत जातोय आणि साखर हलत नाही, तर आणखी इन्सुलिन ओतण्याआधी बघा: खराब झालेलं इन्सुलिन, चुकीची सिरिंज, चोरून मिळणारी दूध-भाकरी, दात, लघवीचा संसर्ग, स्वादुपिंडाची सूज. याच क्रमाने. पहिली तीन कारणं घरातच सापडतात आणि फुकट दुरुस्त होतात.

टप्पा ८: पुढचे महिने

आठवड्यातून एकदा वजन, तेही त्याच काट्यावर, त्याच वेळी. वहीत चार रकाने पुरे: आकडा, डोस, खाल्लेलं, लघवीचे गोळे. मांजर ज्या माती भरलेल्या ट्रेमध्ये लघवी करतं, त्यात रोज किती ओले गोळे निघतात ते मोजायला पाच सेकंद लागतात, आणि रक्ताच्या आधी तेच बोलतात.

लवकर सुरू झालेल्या, नीट सांभाळलेल्या काही मांजरांची शुगर इतकी सुधारते की इन्सुलिनची गरजच उरत नाही. पण “आता बरा झाला” म्हणून एका दिवसात सुई बंद करू नका. छोट्या डोसवरही आकडे खाली राहायला लागले की डॉक्टर तो पायरी-पायरीने उतरवतात. सुई सुटली तरी वाडगा तोच ठेवायचा आणि आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा कान टोचायचा. पुढे कुणी खाजेसाठी स्टेरॉइड देऊ केलं, तर सुईच्या आधी हा इतिहास सांगा.

गावाला जायचं असेल तर मांजर नेण्यापेक्षा टोचणाऱ्या माणसाला घरी आणा. त्याला जाण्याआधी किमान चार वेळा तुमच्यासमोर टोचायला लावा. दिवाळीच्या फटाक्यांत आणि जानेवारीत गड्ड्याच्या (सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत बाळ्या कपाटामागे जाऊन बसतो आणि जेवत नाही. म्हणून त्या आठवड्यात सुईच्या अर्धा तास आधीच आतल्या खोलीचं दार लावून, पंखा चालू करून त्याला तिथे जेवू घालतो. जेवला तर सही. नाही जेवला तर कॅलेंडरवर फुली, आणि डॉक्टरांना फोन.